अप्पांसाठी दुर्बीण

४ जानेवारी
अप्पांचा निकाल दोन वाक्यांत. "एका डोळ्यानं भागतंय. दुसरा कापून काय बघायचंय?" उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याला नकार. डॉक्टरांनी २७ तारीख सुचवलीय. मी त्यांना अजून काहीच कळवलेलं नाही.
नेपानगरला, मिलच्या क्वार्टरच्या गच्चीवर, मला तारे दाखवणारा बाप विचारतो, काय बघायचंय. दुर्बीण घेणार. पाच हजारांच्या आत, पण चांगली.

६ जाने.
शनवारा चौकाजवळचं दुकान. "मैडम, बीस बाय पचास ले जाओ. नंबर जितना बड़ा, उतना दूर का दिखेगा." मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. तरी घेतली. बदलून देईन म्हणाला, तेवढं बरं.

७ जाने.
संध्याकाळी सात. गुरू पूर्वेला, ठळक. अप्पांना म्हटलं, "त्याच्या शेजारी चार ठिपके दिसतील. त्याचे चंद्र." हात कापत होते त्यांचे. "हो, हो. दिसले. चार."
मग मी लावली डोळ्याला. माझ्याही हातात गुरू काजव्यासारखा पळत होता. चंद्र एकही नाही.
म्हणजे अप्पांनी माझं मन राखलं. आकडा मीच आधी सांगितला. फळ्यावर उत्तर लिहून परीक्षा घ्यावी तसं.

८ जाने.
दुर्बीण नक्की कशासाठी? अप्पांना आनंद म्हणून, की ऑपरेशनला हो म्हणवून घ्यायला? दोन्ही. लिहून ठेवते. उद्या नाकारता येऊ नये.

१० जाने.
वीस पट मोठं दिसतं तर हाताची थरथरही वीस पट दिसणार. इतकं साधं! आठ पट पुरे. ७×५० (सात पट, पन्नास मिलिमीटरचं भिंग) अंधारात उत्तम म्हणतात, पण उतारवयात डोळ्याची बाहुली तिच्यातून येणाऱ्या झोताएवढी उघडतच नाही, प्रकाश वाया. म्हणून ८×४०.
दुकानात चार तपासल्या. लाल चकाकीच्या भिंगांच्या दोन बाजूला, तो लेप नुसता दिखाऊ, उजेड खातो. उरलेल्या हात लांब करून उजेडाकडे धरल्या. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसतो, तो पूर्ण गोल हवा. एकीचा कडेला कापलेला. राहिली एक. तिच्यातून समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं वाचली, तेव्हा पटलं.
दुकानदार : "मैडम, इतना ठोक-बजाके तो लोग दामाद नहीं देखते."
बीस बाय पचास परत दिली. शरमले नाही.

१२ जाने.
थरथर कमी, पण आहेच. अप्पा : "दिसतंय गं." काय दिसतंय ते विचारायचं धाडस नाही झालं.
शरद मळ्यातून आला, बूट काढता काढता बघत होता. "केळीचा घड वाऱ्यात हलतो तर आपण झाडाले बांबूची कैची लावतो. हिले का नाही लावत?"
एकवीस वर्षं या केळीवाल्याची बायको आहे. सुचलं नाही.

१४ जाने. संक्रांत
शरदने दोन बांबू आणले. वरून हातभर खाली एकमेकांवर तिरपे बांधले. त्या बेचक्यात दुर्बीण, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून. अप्पा खुर्चीत. "जावईबापू, मिलमध्ये चाळीस वर्षं काढली, असला जुगाड नाही पाहिला." शरद : "मिलमध्ये केळी नव्हती ना, अप्पा."
आकाशात ढग. तीळगूळ खाऊन आत आलो.

१५ जाने.
साडेसात. स्वच्छ. या वेळी मी तोंड बंद ठेवलं.
अप्पांनी दुर्बिणीचं चाक इकडेतिकडे फिरवलं. मग जरा रागानेच, "तू चार म्हणाली होतीस. तीनच आहेत. दोन डावीकडे, एक उजवीकडे."
दुर्बीण कमी पडली? की डोळा? वाकून पाहिलं. तीनच. दोन डावीकडे, एक उजवीकडे. चौथा गुरूच्या मागे गेला असणार, नाहीतर पुढे.
"मग त्या दिवशी चार कसे दिसले, अप्पा?"
"तू सांगितलेस म्हणून."

१९ जाने.
आता रोज सात वाजले की स्वतःच खुर्ची ओढतात. मिलच्या जुन्या डायरीत ठिपके काढतात. काल चार होते. मला न विचारता चार.
आज मात्र उजवा डोळा हाताने झाकून फक्त डाव्याने बघत बसले. "या बाजूला नुसतं तूप सांडलंय."
शरदने कैचीचा बांबू जरा घट्ट रोवला.
थोड्या वेळाने, दुर्बिणीतून डोळा न काढता, "सत्तावीसला वार कोणता?"
"मंगळवार."
डायरीत ठिपक्यांखाली त्यांनी तो वार लिहिला. डॉक्टरांना उद्या कळवेन. कैची अंगणात तशीच उभी ठेवलीय.