राहिलेली बाही

मंगळवार, संध्याकाळ
इंदिरानगर, नाशिक

शेजारच्या रियाचा ब्लाउज आज शिवून झाला एकदाचा! उद्या तिच्या बहिणीचं लग्न, आणि दुपारपर्यंत एक बाही तशीच. दोरा आणायला उठायचे, तर कुंड्यांना पाणी घालत बसायचे, मग फोन. बाही तिथेच.

गेल्या आठवड्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकतच नाही. बायकांचं पटकन लक्षात येत नाही, कारण बऱ्याचजणी दंगा करत नाहीत, आतल्या आत भरकटतात. मी जन्मभर स्वतःला वेंधळी म्हणत आले. घरी कसं सांगायचं? आज त्या बाहीसमोर रडूच आलं आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, नामपूरसारख्या गावातल्या बाईला हे काय पटणार, हसतील.

हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आसं शे का? मंग मी काय करू, ते सांग."

कोणी नुसतं शेजारी बसलं तरी लक्ष टिकायला मदत होते, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तेवढं सांगितलं. मेथीची जुडी घेऊन त्या मशीनजवळ बसल्या. मी उठायला लागले की, "काय पायजे? मी आणते. तू शिव." टोमणा नाही, सुस्कारा नाही.

बाही लागली. रिया ब्लाउज घालून बघून खूश होऊन गेली.

सासूबाईंना थँक्यू म्हटलं, तर त्याच अवघडल्या. "नुसती बसले तर व्हते."

नुसतं बसणं! एवढंच हवं होतं मला. आणि ते मागता येतं, हे आज कळलं.