चिचेकच्या गळ्यातला गोंडा

प्रिय फिदान,

चिचेक यंदाही खिंड ओलांडून आली गं. तू घर सोडून अस्लानशी लग्न केलंस तेव्हा मी तुझ्यामागे पाठवलेली गाय. पण दर उन्हाळ्यात तुमच्या तळ्याकाठचं हिरवं कुरण टाकून, एवढा बर्फाचा चढ चढून ती आपल्या तळ्यावर येते. "परक्याची गाय माझ्या दावणीला नको," म्हणत तुझा बाबा दुसऱ्या दिवशी तिला परत न्यायला निघतो. तुझं तोंड बघणार नाही म्हणून शपथ घेऊन बसलेला माणूस! दुसरा कुणी नेतो म्हणाला तर अंगावर येतो.

तुला वाटतं गाय आपली आपण घरी येते. अगं, तो तिला तुमच्या तळ्यापाशी मोकळी सोडतो आणि तू बाहेर येईपर्यंत खडकाआड बसून राहतो. मागच्या वर्षी मक्याची भाकरी मोडता मोडता बोलून गेला, "पोर चालायला लागलं." म्हटलं, कुणाचं? तर म्हणे, "गाईचं!" गाईचं वासरू जन्मल्या दिवशीच चालतं, आणि हे मला सांगतोय! मला हसू आलं, मग रडू आलं.

खरी गंमत यंदा कळली. घरात मीठ टिकेना. मी बिचाऱ्या सुनेला बोल लावले. परवा दूध काढायला उठले, तर तुझा बाबा धुक्यातून खिंडीकडे चाललेला. मागोमाग गेले. दगडादगडावर मूठभर मीठ ठेवत ठेवत माथ्यावर पोचला आणि तुमच्या बाजूला उतरला. गाय मायेने येत नव्हती, मीठ चाटत येत होती! सहा वर्षं मी मुक्या जनावराचं कौतुक करत बसले.

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचं तिकडे जाणंही बंद झालं असतं. पण त्याचा गुडघा पार गेलाय. काल म्हणाला, "तिला सांग, गाय विकून टाक. पुढच्या वर्षी मला नाही जमायचं." सहा वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव निघालं, तेही 'तिला' म्हणून.

म्हणून हे पत्र चिचेकच्या गळ्यातल्या लाल गोंड्यात शिवतेय. ती आली की तू आधी गोंडा काढून तिची मान खाजवतेस, माहीत आहे मला. आता वाचत उभी राहू नकोस. तो अजून खडकाआडच आहे. लेकराला कडेवर घे आणि जा. ओरडेल, ओरडू दे. त्या गुडघ्याने पळून पळून जाणार कुठे? चहा पाजल्याशिवाय सोडू नकोस. आणि मिठाचं मला कळलंय, हे मात्र त्याला सांगू नकोस.

तुझीच, खिंडीकडे डोळे लावून बसलेली,
आई