कोपराला लावायची ट्यूब

आई, आज शाळेतून आले आणि अंघोळीचं पाणी कढत करता करता गॅस बंद केला. कढत पाणी मला आता मना आहे. तू असतीस तर हे आधी तुलाच सांगितलं असतं, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. या दुखण्याबद्दल आपण एकमेकींशी कधी बोललोच नाही.

केजच्या बाजारातला दिवस आठवतो. तू मेडिकलच्या पायरीशी उभी आहेस. आत दोन बाप्ये आहेत. ते जाईपर्यंत तू मला उगाच समोरच्या बांगड्या दाखवतेस. मग पुढे होऊन म्हणतेस, "भाऊ, खाजेची ट्यूब द्या. इथं लई खाजतंय," आणि कोपर पुढे करतेस. दुकानदार वाकून बघतो. "मावशी, कोपर तर साफ हाय की!" "आज जरा कमी हाय," तू म्हणतेस. तो हसत हसत गजकर्णाची ट्यूब देतो. परतताना जीपमध्ये तू एका मांडीवर भार देऊन तिरपी बसलीस. ती ट्यूब कोपराला लावताना मी तुला कधीच पाहिलं नाही.

ऊसतोडीला गेल्यावर मोळी डोक्यावर घेऊन चालताना तू मध्येच थांबायचीस. मागच्या बाया ओरडायच्या, "अगं चल की, मुळं फुटली का पायाला?" तूही हसायचीस. घरी असलीस की कडुलिंबाचा पाला उकळलेलं पाणी आणि कपड्याचा साबण घेऊन न्हाणीत बराच वेळ असायचीस. बाहेर यायचीस ती चेहरा ओढून. मी विचारलं तर म्हणायचीस, "काई न्हाई झालं. बाईनं सोच्छ ऱ्हावं. कावून बघतीस? भाकरी थाप."

चाळिशीनंतर मलाही मांड्यांमधल्या त्याच जागी खाज सुरू झाली आणि मी तुझंच केलं. खाजतं म्हणजे घाण आहे, घाण आहे म्हणजे आणखी घासायचं. कातडी कोरडी पडली, पांढुरकी झाली, चिरली, तरी घासतच होते. नवऱ्याकडे पाठ करून झोपत होते. वर्गात शिकवताना खुर्चीवर टेकवेना, तेव्हा बीडला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझ्याहून लहान पोर. तपासून म्हणाली, "ताई, ही घाण नाही, आजार आहे. साबण बंद, कढत पाणी बंद, दुकानातून आणलेल्या ट्यूबा आधी फेका." तिने मलम दिलं, किती आणि कुठे लावायचं ते आरशात दाखवलं, वर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली, आत सुती कपडे. पूर्ण जाईल का, मी विचारलं. "आटोक्यात राहील. पण दाखवत राहा, दुर्लक्ष केलं तर क्वचित बिघडतं." मला रडू आलं नाही. फार दिवसांचं ओझं उतरवल्यावर येतो तसा नुसता थकवा आला.

आता खाज बरीच कमी आहे. रात्री झोप लागते.

निघताना तिने विचारलं होतं, "हे कधी कधी घरातून चालत येतं. आईला होतं का असं काही? तुम्हाला मुलगी आहे म्हणून विचारते." तुझा ओढलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. आणि मी म्हणाले, "नाही हो, आईला तसलं काही नव्हतं." तिने तसंच लिहून घेतलं. आई, मी ते अजून दुरुस्त करून आलेले नाही. लेकीलाही सांगितलेलं नाही.