अंगारकीची संत्री

प्लेनो, टेक्सास
२७ जुलै २०२५, रविवार

प्रिय भाऊ,

नंदूचा नमस्कार. मायला आणि वहिनीला पण सांग. माझी तब्येत ठणठणीत आहे, इथे ऊन आपल्या मे महिन्यासारखं आहे, फक्त पळसाच्या जागी पार्किंग. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. नववी नापास माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

बातमी अशी की मी आफ्रिकेला चाललो. हसू नको, खरंच. मी ज्यांच्या केटरिंगमध्ये काम करतो ते राजीवकाका दरवर्षी इथल्या मराठी लोकांची एक सहल काढतात. या वर्षी बोत्सवाना. चौदा माणसं, तंबूत राहायचं, सकाळ-संध्याकाळ सफारी. आणि आपल्या लोकांचं तुला माहीतच आहे, सिंह बघायला सात समुद्र ओलांडतील, पण तिसऱ्या दिवशी वरणभात लागतोच. म्हणून सोबत आचारी. म्हणजे मी. दोन कुकर, पोळपाट, गोडा मसाला, सगळं विमानातून जाणार.

राजीवकाका म्हणाले, "नंद्या, तुला जंगलाची भीती वाटेल का रे?" मी म्हटलं, "काका, मी व्याघ्रप्रकल्पाच्या गेटच्या गावचा. माझा भाऊ गाईड आहे." आहे असंच म्हणून गेलो.

भाऊ, तिथे मी डोळे उघडे ठेवीन. परत आलो की कधीतरी आपण आपली एक जिप्सी घेऊ. मी चालवीन, तू पुढे उभा राहशील. इथे हायवेला गाडी हाकताना रोज हाच विचार येतो डोक्यात. बाकी काय लिहू. तुझं काम कसं आहे ते काही विचारत नाही.

तुझा नंदू

*

प्लेनो
२४ ऑगस्ट २०२५, रविवार

प्रिय भाऊ,

सोमवारी परत आलो. बुधवारी गणपती, मंडळाची अकराशे मोदकांची ऑर्डर आहे, खोबरं किसून किसून बोटं सोलली आहेत. तरी आज हे पत्र पुरं करायचंच असं ठरवून बसलोय. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं.

आधी जंगल सांगतो. तुला तेच आधी ऐकायचं असेल.

भाऊ, हत्ती मोजता येत नाहीत रे. संध्याकाळी नदीवर उतरतात तेव्हा आधी फक्त धूळ दिसते, मग धुळीतून कान. एक कळप संपला म्हणून आपण श्वास सोडावा तर मागून दुसरा. पिल्लं पाण्यात लोळतात, आणि म्हातारी हत्तीण उभी राहते आपल्याकडे तोंड करून, सगळी पार होईस्तोवर. इतकी मोठी जनावरं आणि चालताना आवाज नाही. त्यांच्या पोटातली गुडगुड ऐकू येते पण पाऊल ऐकू येत नाही.

रानकुत्रे पाहिले. आपल्याकडचे तांबूस, तिकडचे असे की रंगाचे डबे सांडलेत अंगावर. शिकारीला निघायच्या आधी सगळे एकमेकांना भेटतात, तोंडाला तोंड लावून, शेपट्या हलवत, लग्नघरात पाहुणे भेटतात तसे. एक लंगडा होता. त्याला मागे ठेवून गेले आणि येऊन आधी त्यालाच भरवलं. आमच्या गाडीत सगळ्यांचे कॅमेरे खाली आले होते.

आणि आपला नीळकंठ! त्याचा भाऊबंद तिथे आहे, छाती जांभळी. मी ओरडलोच, "अरे, हा आपला!" सगळे हसले.

आमचा गाईड मोथुसी नावाचा. पन्नाशीचा असेल, बारीक, बोलायला कमी. जीप चालवतो तोच आणि जंगल वाचतो पण तोच. आचाऱ्याला सफारीत जागा नसते, पण मी भल्या पहाटे उठून पोहे-चहा उरकून टाकायचो आणि मागच्या सीटवर चढायचो. पहिल्याच दिवशी तो उतरला, वाळूत सिंहाचं पाऊल होतं, त्याच्या शेजारी एक काडी ठेवली आणि खाली वाकून बघत बसला. दव पडायच्या आधीचं की नंतरचं, ते बघत होता. भाऊ, तू असाच वाकायचास. अशीच काडी. हजारो मैलांवरच्या माणसाला हे कोणी शिकवलं? मी माझ्या किचनच्या इंग्रजीत त्याला सांगितलं, माझा भाऊ पण असंच बघतो, आणि चितळ ओरडलं की आवाजावरून सांगतो वाघ बसलाय की चालतोय. तो म्हणाला, "मग तुझ्या भावाला आणि मला एका गाडीत बसव. बोलायची गरज पडणार नाही."

त्यानंतर तो मला 'गाईडचा भाऊ' म्हणूनच हाक मारायचा. मला ते गोड लागत होतं आणि टोचत पण होतं.

आता पुढचं.

कॅम्पला कुंपण नव्हतं. मोथुसीनं पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की तंबूत फळ न्यायचं नाही, एक फोड सुद्धा नाही. सगळी फळं जीपमागच्या लोखंडी पेटीत, कुलपात. संत्र्याचा वास हत्तीला लांबून लागतो. किल्ली स्वयंपाकाच्या सोयीसाठी माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "तू जंगलातला. तुला सांगायला नको."

बारा तारखेला अंगारकी होती. आमच्यात एक अहिल्याकाकू आहेत, सत्तरीच्या, नागपूरच्या माहेरवाशीण, मला "बाळा, जेवलास का?" विचारणाऱ्या एकट्या त्याच. त्यांचा कडक उपवास. सकाळी साबुदाणा घेतला, पण दुपारी मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "बाळा, दोन संत्री देतोस का? गोळी घ्यायची असते, पोटात काहीतरी हवं. तंबूत पडल्या पडल्या खाईन."

मी म्हटलं, "काकू, मोथुसी नाही म्हणतो."

"तो सगळ्यांना म्हणतो रे. तू काय सगळ्यांतला आहेस?"

बस्स. एवढ्यानं मी फुगलो. मला कोण शिकवतो जंगल? मी तीन संत्री काढून पदराखाली दिली.

दुपारी सगळे जेवून पडले होते. मी भांडी घासत होतो. मान वर केली तर काकूंच्या तंबूसमोर भिंत उभी. करडी भिंत, तिला दोन सुळे. म्हातारा नर होता, एक सुळा अर्धा मोडलेला. काकू आत.

मोथुसी चालत आला, पळत नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. हळू विचारलं, "आत फळ आहे?" भाऊ, तेवढ्यात सुद्धा माझ्या जिभेवर 'माहीत नाही' आलं होतं. पण आत म्हातारी बाई होती. मी म्हटलं, "तीन संत्री. मी दिली."

"तिला तुझ्या भाषेत सांग, हलायचं नाही. बोलायचं नाही."

मी सांगितलं. हत्तीनं सोंडेनं जाळी अशी फाडली जशी आपण केळीचं पान फाडतो, आत सोंड घातली, टेबलावरची पिशवी उचलली, मागे सरला, आणि सालीसकट तिन्ही संत्री खाल्ली, डोळे अर्धे मिटून. मोथुसी वीस पावलांवर उभा, हात खाली, स्वतःच्या भाषेत त्याच्याशी काहीतरी पुटपुटत. घरातल्या म्हाताऱ्याला उन्हातून आत चला म्हणावं तसा सूर. बंदूक जीपमध्येच होती. हत्तीनं त्याच्याकडे बघितलं, कान एकदा हलवला आणि झाडीत गेला. राग नाही, काही नाही. असा रुबाब मी आयुष्यात पाहिला नाही, ना त्या हत्तीचा, ना त्या माणसाचा.

आम्ही तंबूत धावलो तर काकू खाटेवर मांडी घालून, हात जोडून, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं घाबरल्या. म्हणाल्या, "अंगारकीला साक्षात आला रे! नैवेद्य घेऊन गेला!"

मग काय, कॅम्पमध्ये आरतीच सुरू झाली. राजीवकाकांनी मला मिठी मारली, म्हणे ट्रिप वसूल. कोणी तर म्हणालं, उद्या पण दोन संत्री ठेवू बाहेर, दर्शन होईल.

मोथुसी फाटलेल्या जाळीपाशी बसला होता. मी जवळ गेलो. तो म्हणाला, "आता त्याला कळलं, तंबूत संत्री असतात. तो दुसऱ्या तंबूत जाईल. एखाद्या दिवशी आत कोणी ओरडेल, तो घाबरेल, माणूस मरेल. मग त्याला गोळी घालतील. तीस वर्षं ओळखतो मी त्याला."

मग तो वायरलेसवर कॅम्पच्या मालकाशी बोलला. त्यांच्या भाषेत बोलला, पण मधले इंग्रजी शब्द कळले. "माझी चूक. मी तंबू तपासले नाहीत."

भाऊ, मी तिथेच खाली बसलो.

कारण असंच वाक्य मी आधी ऐकलं होतं. आपल्या रेंजर साहेबांच्या टेबलासमोर, तीन वर्षांपूर्वी. "मी गाईड आहे साहेब, गाडी माझ्या सांगण्यावरून पुढे गेली."

तुझ्या सांगण्यावरून गेली नव्हती. तू म्हणालास, "थांब रे बाबू." मग म्हणालास, "नंदू, थांब." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तिसऱ्यांदा म्हणालास. मागून पाहुणे "और आगे लो" करत होते, आणि मला दाखवायचं होतं की आपल्या गेटवर माझ्यासारखा ड्रायव्हर नाही. झरणी वाघीण दोन पिल्लं घेऊन रस्ता ओलांडून गेली आणि तिसरं माझ्या चाकाच्या अलीकडे राहिलं. ते कसं ओरडत होतं ते मला अजून ऐकू येतं, कुकरची शिट्टी झाली तरी. ते पुन्हा कोणाला दिसलं नाही.

तुझा गाईडचा बिल्ला गेला. माझं लायसन राहिलं. तू रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरायला लागलास आणि मी महिनाभरात नागपूर गाठलं, पुढे तिथून इकडे. एवढं तुला माहीत आहे. जे मला वाटतं तुला माहीत आहे पण तू कधी बोलला नाहीस ते आता लिहितो. गेटवरच्या टपरीवर पोरांनी विचारलं तेव्हा मी चहा पीत पीत म्हणालो होतो, "भाऊच म्हणाला पुढे घे, मी काय करणार." हसून म्हणालो होतो. एकदा नाही, जो विचारेल त्याला. शेवटी शेवटी मला ते खरंच वाटायला लागलं होतं. कोणीतरी तुझ्या कानावर घातलं असेल, म्हणूनच फोन उचलत नाहीस ना?

दुसऱ्या दिवशी मालक छोट्या विमानानं आला. गोरा, लाल तोंडाचा, हातात कागद. मोथुसीचा परवाना काढायच्या गोष्टी चालल्या होत्या. राजीवकाकांनी माझा दंड धरला. "नंद्या, गप्प बस. सगळे खूष आहेत, कशाला वाढवतोस? तुला काय हरिश्चंद्र व्हायचंय?" मी हात सोडवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की यानं सगळ्यांना बजावलं होतं, किल्ली माझ्याकडे होती, संत्री मी दिली. अहिल्याकाकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मागितली मी." आणि त्याहून मोठ्या आवाजात, सगळ्यांना, "आणि पुन्हा कोणी संत्रं बाहेर ठेवलं तर माझ्याशी गाठ आहे. देव गोळी खाऊन मरायला नको माझ्यामुळे."

कॅम्प त्याच दिवशी नदीपलीकडे हलवला. मोथुसीचा परवाना राहिला. मला उरलेले दिवस गावातल्या ऑफिसात ठेवलं, जंगल बंद. बिबट्या झाडावर दिसला म्हणे, मला नाही दिसला. इकडे राजीवकाका अजून सरळ बोलत नाहीत, मोदकांपुरतं बोलतात.

विमानतळावर सोडायला मोथुसी आला होता. हात मिळवला आणि एवढंच म्हणाला, "गाईडचा भाऊ, घरी जा."

घरी लगेच येता येत नाही. पण काल मी आपल्याकडच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसला रजिस्टर पत्र टाकलं. मराठीत, माझ्या अक्षरात, सहीसकट. तारीख, गाडीचा नंबर, तू तीनदा थांब म्हणालास ते, आणि मी टपरीवर काय बोललो ते पण. त्याची नक्कल या पाकिटात आहे. आधी ते टाकलं, मग हे लिहायला बसलो, म्हणजे माझं मन फिरलं तरी उपयोग नाही.

त्यांनी तुला बिल्ला परत द्यावा. देतील की नाही, मला माहीत नाही. पण माझं नाव गेटवर कायमचं बंद होईल, एवढं नक्की. गेल्या पत्रात जिप्सीचं लिहिलं होतं ते खोडून टाक. गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवावी. तू पुढे उभा राहा. मला आत सोडलं तर तिकीट काढून मागच्या सीटवर बसेन आणि तू वाकून काडी ठेवशील ती बघेन. नाही सोडलं तर गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसेन. तिथे पण मला बरंच बोलायचं आहे.

मायच्या गुडघ्याला तेल लाव. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल, पण एकदा फोन वाजला तर उचल.

तू म्हणशील तिथे थांबणारा,
नंदू