भाचीला ऐकू आलेला आवाज

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्या भावाचा नमस्कार (साष्टांग घालणार होतो, पण आठांपैकी दोन अंगं, म्हणजे गुडघे, सहकार्य करत नाहीत). तुझा रक्तदाब कसा आहे? मेहुण्यांचा स्वभाव कसा आहे? दोन्ही आटोक्यात असावेत. माझ्या प्रकृतीचं म्हणशील तर तिच्याबद्दल सध्या जाणकारांत मतभेद आहेत, आणि त्याचीच ही कथा. फोनच केला असता, पण दोन खोल्यांच्या या घरात एकीत शिंकलं की दुसरीतून औषधाचं नाव ऐकू येतं, आणि बोलायचं आहे ते तुझ्या लेकीबद्दल.

डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेला शांतता हवी म्हणून तू तिला माझ्याकडे धाडलंस, त्याला महिना झाला. लेखी पेपर झाले. (कसे गेले ते विचारू नकोस. मी विचारलं, तर म्हणाली सगळे चुकले. मग एकेक उत्तर पुस्तकात काढून पाहिलं, तर सगळी बरोबर. तरी पटलं नाही. म्हणाली, ही जुनी आवृत्ती आहे.) आता पुढच्या आठवड्यात गुरुवारी प्रात्यक्षिक. एक अनोळखी रोगी समोर देतात, अर्ध्या तासात तो तपासायचा आणि काय सापडलं ते परीक्षकाला ठामपणे सांगायचं. त्या 'ठामपणे'पाशी घोडं अडलंय.

सरावासाठी रोगी म्हणून माझी नेमणूक झाली. रोज शाळेत जाण्यापूर्वी मी पलंगावर पडतो आणि ती विचारते, काय त्रास होतो? आता तीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला 'काही नाही' एवढ्यावर थांबवत नाही. सोमवारी मी कावीळ घेतली, मंगळवारी दमा, आणि बुधवारी असा एक ज्वर, की त्याच्या तिसऱ्या विशेषणाशीच ती म्हणाली, "मामा, पेशंट असं बोलत नाहीत. पोटात दुखतं म्हणतात आणि गप्प बसतात." पोरगी हसली, दिवस सत्कारणी लागला असं मला वाटलं. पण ताई, तिचे हात इतके गार असतात की छातीला आधी नळी लागली की बोटं, हे मला ओळखता येत नाही. जेवण अर्ध्यावर टाकते. परवा न्हाणीघरात नळ सोडून अर्धा तास बसली, आणि बाहेर आली ती कोरडी (डोळे सोडून).

गेल्या रविवारी तिने माझ्या छातीला नळी लावली आणि थांबली. पुन्हा लावली. मग मानेपाशी लावली. म्हणाली, दोन ठोक्यांच्या मधे फुसफुस ऐकू येतेय. इथे मी घात केला. तिने घाबरू नये म्हणून म्हणालो, अगं, आज मी हृदयरोगी झालोय, तो आवाज मीच काढतोय. "तो काढता येत नसतो, मामा," ती म्हणाली खरी, पण आतून डळमळली, आणि खात्रीसाठी मैत्रिणीला बोलावून आणलं. ही मैत्रीण वर्गात पहिली येते. मी तिला सर्वज्ञा म्हणतो (मनातल्या मनात). माझं बनियन परक्या मुलीला दाखवण्याच्या लायकीचं नव्हतं, म्हणून मी स्वेटर चढवूनच पडलो. सर्वज्ञाही बिचारी लाजली. तिने लोकरीवरूनच ऐकलं आणि म्हणाली, "काही नाही गं, नॉर्मल आहे."

झालं. तुझी लेक हसली, तिने पुस्तक मिटलं, आणि तेव्हापासून उघडलेलं नाही. आमच्या शास्त्रात स्थालीपुलाकन्याय म्हणून एक आहे: शितावरून भाताची परीक्षा. हिने एक शीत कच्चं निघालं म्हणून अख्खं पातेलं ओतून दिलं, आणि वर चूल मोडायला निघाली आहे. काल बॅग भरली. म्हणाली, "जे नाहीच ते मला ऐकू येतं. उद्या एखाद्या खऱ्या माणसाला मारून बसेन." (मी मग कोण?) मी उपदेश केला. विद्या, विनय, धैर्य, होतं नव्हतं ते सगळं काढलं. शेवटच्या तासाला माझा वर्ग ऐकतो तशी ती ऐकत होती. तेव्हा विनंती एवढीच, की ती दारात येऊन उभी राहिली तर दार उघडू नकोस. हे वडीलकीचं काम आहे, मला जमत नाही. मेहुण्यांना यथायोग्य सांग.

तुझा धाकटा,
रोगी क्रमांक एक

ता. क. हे पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. मधल्या काळात, ग्रंथालयात जातो म्हणून सांगून मी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आपल्याला काहीतरी झालेलं असावं, अशी इच्छा जन्मात पहिल्यांदा धरली आणि लगेच फळली. एक झडप अरुंद आहे म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, कोणी पकडलं हे? भाचीने, म्हणालो. "कुठे असते प्रॅक्टिस?" म्हटलं, अजून परीक्षा व्हायची आहे, आणि देणार नाही म्हणते. त्यांनी चष्मा काढला. "मला दुसऱ्यांदा नळी लावल्यावर सापडलं. बसवा तिला परीक्षेला."

ता. ता. क. सांगावं तर माझ्या काळजीने तिचा अभ्यास जाणार, न सांगावं तर परीक्षाच जाणार. तुला विचारणार होतो, पण धीर निघाला नाही. आज सकाळी डॉक्टरांनी दिलेला कागद तिच्यापुढे ठेवला. उभ्यानेच वाचला. "सांगितलं होतं ना मी!" असं माझ्यावर ओरडली. मग मला पलंगावर पाडून, बनियनसुद्धा उतरवायला लावून, पुष्कळ वेळ ऐकत राहिली. रडत होती. मी समजूत घालत होतो, पण कानांत नळ्या असल्यामुळे तिला त्यातलं अक्षर ऐकू गेलं नाही. मग डोळे पुसून, तो आवाज कुठे आहे, केवढा आहे, कुठवर जातो, हे तिने मला एकदाही न अडखळता सांगितलं. बॅग रिकामी झाली आहे.

आणखी एक. गुरुवारी तिला परीक्षेला सोडायला मी जाईन. शुक्रवारी माझी पुढची तपासणी आहे. झडप आताच बदलायची की थांबायचं, ते तिथे ठरेल. हे तिला ठाऊक नाही. तू बुधवारपर्यंत ये. लेकीच्या परीक्षेसाठी आलीस असंच सगळ्यांना वाटू दे. शुक्रवारी तिथे एकट्याने बसणं मला जमणार नाही, ताई.