गुड्डीसाठी धरलेला दम

प्रविणच्या बाबुजीले चिखल्याहून पाया पडणं.

तुमी गोळी घेता ना? आपली नात गुड्डी बोलत नाही, तं कबड्डीत तिले कोण घेईल, असं वाटे. पण शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, "गुड्डीसाठी दुसऱ्यानं 'कबड्डी' म्हणावं. त्याचा दम तुटला का गुड्डी बाद." गुड्डीनं माह्याकडंच बोट केलं!

पोट्टे हासले, "आजी तं दोन पायऱ्यांत धापते!"

मी डोळे मिटून 'कबड्डी, कबड्डी' म्हणतच राहिली. सारं मैदान दूर गेलं, जशी तलावात बुडी मारली. डोळे उघडले तं गुड्डी दोघाले शिवून रेघेवर परतली होती.

आता झोपीतही माहे ओठ हालून राहिले. जरासा खोकला आहे, चिंता नोका करू. धान कापाले मी गावाले येत नाही. रविवारी पुन्हा सामना आहे, अन् तिचा दम माह्यापाशी आहे.

तुमची बेबी