सतरा नंबरची झाडं

३ मार्च, सोमवार

हसू नको तर काय रडू? तक्त्यावर स्वच्छ छापलंय — झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजावा. पण छाती कुणाची? उंट, म्हणजे आमचा सगळ्यात उंच फॉरेस्ट गार्ड, टेप धरतो त्याच्या छातीशी. बुटका गार्ड टिल्लू धरतो त्याच्या छातीशी, म्हणजे उंटाच्या कमरेशी! बुंधा खाली जाड, वर बारीक. एकच झाड टिल्लूच्या कागदावर लठ्ठ, उंटाच्या कागदावर आजारी. इतकी वर्षं हेच चाललंय. सगळ्यांचे कागद एका नमुन्यात उतरवायला बसले तेव्हा कुठं कळलं.

ऑफिसात नव्या आलेल्या अधिकारी मॅडमना सांगितलं. कपाळाला हात लावला त्यांनी. म्हटलं, "गार्ड तरी एका मापाचे भरती करायचे, मॅडम!"

५ मार्च, बुधवार

काठी आली. साडेचार फुटांवर लाल पट्टा. काठी बुंध्याला लावायची, पट्ट्यावर टेप. सगळी झाडं पुन्हा मोजायची! टिल्लू रुसलाय. "वहिनी, म्हणजे माझी छाती खोटी?" म्हटलं, छाती खरी आहे भाऊजी, पण जरा तळमजल्यावर आहे.

६ मार्च, गुरुवार

आता झाडांची नावं! एकानं लिहिलंय "बकरीचा पाला". दुसऱ्यानं "काटेवालं". तिसरा लिहितो "मागच्यासारखंच". कशाच्या मागच्यासारखं, मेल्या? पान उलटलं तर तिथंही — "मागच्यासारखंच". पहिल्या पानापर्यंत गेले. ते पान उंदरानं खाल्लंय.

घरी सासूबाई म्हणतात, "झाडं मोजायला माणसं लागतात? आमच्या वेळी झाडं नुसती असायची."

१३ मार्च, गुरुवार

नवी मोजणी आली. बारा वर्षांपूर्वीच्या, शेवटच्या पूर्ण मोजणीच्या कागदाशेजारी लावून जंगलाचा एकेक तुकडा ताडून पाहिला. सोळा तुकडे जुळले, पाचदहा झाडं इकडेतिकडे. सतरावा — तेव्हा दोनशे बारा झाडं. आता शहाण्णव.

जुन्या कागदावर ह्यांची सही. तेव्हा तो भाग ह्यांच्याकडे होता. हे गेले, भाग उंटाकडे आला, आणि ह्यांच्या जागी नोकरी मला लागली — ही डुगडुगती खुर्ची.

मॅडमनी उंटाला बोलावलं. दार उघडंच होतं.

"शंभरावर झाडं गेली कुठं?"

"माहीत नाही, मॅडम. एक खुंटसुद्धा नाही तिथं. तोडली असती तर खुंट राहिले असते ना?"

"मुळासकट नेली असतील. तुमच्या नाकाखालून. की तुम्हाला विचारून?"

एवढा उंच माणूस, पण दारातून बाहेर आला तो कडीएवढा होऊन.

१४ मार्च, शुक्रवार

आज काम नाही. तक्ते सरळ केले, वाकडे केले, पुन्हा सरळ केले.

१५ मार्च, शनिवार

उंट टेबलाशी येऊन उभा राहिला. "वहिनी, दादांनी मोजलं ते चुकायचं नाही. मी शिकलो त्यांच्याच हाताखाली. पण मीही कुणाचं काही खाल्लं नाही. मग झाडं गेली कुठं?"

मी म्हटलं, "उंट चरला असेल."

तो हसला नाही. टिल्लूसुद्धा हसला नाही, आणि तो तर कशालाही हसतो. जीभ हासडून ठेवावी माझी!

उंटाची बायको बोलत नाही म्हणे त्याच्याशी. शेजारीपाजारी विचारतात, नवीन दारं-खिडक्या कधी करताय? सागवानी ना?

१७ मार्च, सोमवार

उंटाच्या निलंबनाचा कागद. आणि टाईप कुणी करायचा? मीच! दुसरं माणूसच नाही ह्या ऑफिसात! त्याचं नाव दोनदा चुकवलं. मॅडम म्हणाल्या, "लक्ष कुठंय तुमचं?" तिसऱ्यांदा बरोबर आलं. उद्या सही होणार.

सासूबाईंनी विचारलं, जेवत का नाहीस. म्हटलं, पोट बिघडलंय. पोटाला काय धाड भरलीय!

१८ मार्च, मंगळवार

सही व्हायच्या आत मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. इथंही लिहिते, बारा वर्षांत कुठं लिहिलं नाही ते. सतरा नंबर ह्यांनी मोजलाच नव्हता. महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलेले, कागद द्यायची मुदत संपलेली. सोळा नंबरचा तक्ता समोर ठेवून, आकडे थोडे फिरवून, स्वयंपाकघरात बसून मी भरला. ह्यांनी न वाचता सही केली. ती झाडं तिथं कधी नव्हतीच.